दहा टॅब घ्यावेत की नकोत? (पहिली-दुसरीचं वाचन)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जळगाव जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जि. प. शाळेत मी शिकवते. पट २३. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. मुख्याध्यापक तेच, कारकून तेच आणि टाकीचा नळ गळायला लागला की पान्हा घेऊन वर चढणारेही तेच.

तीन वर्षांपूर्वी गावाने लोकवर्गणी काढून वर्गात मोठा टीव्ही बसवला. आता पुण्यात नोकरीला असलेली गावची मुलं १५ ऑगस्टला दहा टॅब देणार आहेत. परवा फोन आला, "बाई, कुठलं ॲप टाकून आणू तेवढं सांगा." आणि मी अडकले.

अडकायचं कारण दुसरीतला एक मुलगा. टीव्हीवर कविता लागते, ओळीतला एकेक शब्द रंगत जातो आणि हा त्याच्यासोबत खणखणीत म्हणतो. पुस्तक हातात दिलं तरी बोट फिरवत म्हणतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली होती त्याची. एक दिवस वीज गेली म्हणून मी पुस्तकातली तीच कविता उघडली आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे रे? त्याने कविता पहिल्यापासून म्हणायला घेतली आणि त्या शब्दाशी येऊन थांबला. पुढच्या शब्दाला पुन्हा पहिल्यापासून. गाडीतल्या माणसाने आपलं स्टेशन मोजत यावं तसं. म्हणजे दीड वर्ष तो वाचत नव्हताच, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.

"मोबाईल चांगला की वाईट" हा वाद इथे शंभरदा झालाय, तो नको. पहिली-दुसरीच्या मुलाला वाचायला शिकवताना टॅबचा उपयोग झालेला तुमच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलाय का? झाला तर कसा झाला? १५ ऑगस्टच्या आत मला उत्तर द्यायचंय.

---

बाराभानगडी

दहा टॅब आणि २३ मुलं. उरलेली १३ काय करणार? ढकलाढकली. तेवढाच शारीरिक शिक्षणाचा तास. :)

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

बाई, तुमच्या लक्षात आलं यातच सगळं आलं. अनेकांच्या येत नाही. मीही त्यातलाच होतो.

एकतीस वर्षांत यंत्रांच्या तीन लाटा पाहिल्या. पहिली बालचित्रवाणीची, म्हणजे टीव्हीवरच्या शालेय कार्यक्रमांची. १९८४ साली पुण्यात ती संस्था सुरू झाली, कार्यक्रम खरोखर चांगले असत. पण आमच्या बीटातला (म्हणजे आमच्या शाळांच्या गटातला) एक टीव्ही कायम कुलपात, कारण चोरीला गेला तर वसुली गुरुजींच्या पगारातून. कुलपाची किल्ली कोणाकडे, यावरून दोन गुरुजी वर्षभर बोलत नव्हते. दुसरी लाट २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' नंतरची. त्या शासन निर्णयाचा मूळ भर 'प्रत्येक मूल शिकलं पाहिजे' यावर होता. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा बघायला आम्ही गाड्या करून गेलो. तिथे फरशीवर रंगवलेली अक्षरं, खडे, काड्या, शब्दपट्ट्या. यंत्र जवळपास नाहीच. परत येऊन आम्ही काय केलं? 'डिजिटल शाळा' फलक लावला. फरशी रंगवायला आठ दिवस लागतात, प्रोजेक्टर एका दुपारीत बसतो. तिसरी लाट कोविडनंतरची, ती तुम्ही जाणताच.

टॅब घ्या. पण तपासणीला येणाऱ्यांना सांगा की कविता मधूनच विचारा.

---

आकडेमोड

थोडे आकडे टाकतो, म्हणजे चर्चेला जमीन मिळेल. 'असर'च्या (खेड्यांतल्या मुलांना काय येतं ते तपासणाऱ्या) पाहणीत घरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतात. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. ग्रामीण भारतात तिसरीतल्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी २०१८ मध्ये साधारण २७ टक्के होती, २०२२ मध्ये २० च्या आसपास घसरली, २०२४ मध्ये परत २७ वर आली.

म्हणजे कोविडने पाडलेला खड्डा भरला. पण तिसरीतल्या चारपैकी जेमतेम एका मुलाला दुसरीची गोष्ट वाचता येते, हे २०१८ मध्येही खरं होतं आणि २०२४ मध्येही. त्याच २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं आढळलं. आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

---

बाराभानगडी

@आकडेमोड, उरलेले २४ टक्के खोटं बोलले.

---

शिरसोलीची_सून

पाटीपेन्सिल ताई, तो मुलगा 'शाळा' कसं वाचतो हो? 'शाया' ना? :) माझा भाचा तसाच. आमच्याकडे डोळ्याला डोया आणि केळ्याला केयं.

विचारायचं कारण असं की त्याच्या आईने फोनवर वाचनाचं एक ॲप घेतलं होतं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, बरोबर आलं की चांदणी देतं. बाकी ठीक, पण 'ळ' आला की हा अडायचा. 'काळा' शब्दावर सहा वेळा 'काया' म्हणाला, सहाही वेळा लाल. सातव्यांदा फोन गादीवर आपटला. आता सांगा, त्याला वाचता येत होतं की नव्हतं?

---

पाटीपेन्सिल

@शिरसोलीची_सून, अगदी 'शाया'च! आणि माझं उत्तर आहे, येत होतं. 'ळ' बघून तो 'य' म्हणतोय कारण त्याच्या घरात त्या जागी 'य' आहे. खरा 'य' बघून 'ळ' कधीच म्हणत नाही. पहिलीत मी ते मुळीच दुरुस्त करत नाही, तिसरीपर्यंत आपोआप दोन्ही यायला लागतं. यंत्राला हे सांगायचं कसं, ते मात्र मला येत नाही.

---

मुळामुठा

मी वेगळी बाजू मांडते. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात, पुण्यात. मराठी शाळेत आठवड्याला तीन तास. घरी बोलते पण वाचायचा कंटाळा. तिला असंच ऐकणारं ॲप दिलं. माझ्यासमोर अडखळायला तिला लाज वाटायची, यंत्रासमोर नाही. चार महिन्यांत जोडाक्षरांसकट वाचायला लागली. मी रोज पाऊण तास शेजारी बसून ऐकू शकले असते का? खरं सांगायचं तर नाही. २३ मुलांच्या शाळेत बाईंनाही प्रत्येकाचं प्रकट वाचन रोज ऐकणं शक्य नाही. तिथे ऐकणारं यंत्र मोलाचं आहे. टीव्ही मुलाला ऐकवतो, हे मुलाचं ऐकतं. दोन्हींना 'डिजिटल' हे एकच लेबल लावून झोडपू नये.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

@मुळामुठा, पटलं. हा फरक मी केला नव्हता.

---

लिपीवेडा

कोणीच काढला नाही म्हणून अक्षरांचा मुद्दा मी काढतो. (अवांतर वाटेल, पण नाही.)

बालभारतीच्या पुस्तकात 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा असतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी तीच रूपं प्रमाण ठरवली. आता तुमच्या फोनवर हा धागा बघा. बहुतेकांना हिंदी वळणाचा, दंड असलेला 'ल' दिसत असेल. संगणकाच्या लेखी दोन्ही एकच अक्षर. काही टंकांत (फॉन्टमध्ये) दोन्ही रूपं भरलेली असतात, पण मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी रूप पुढे येतं, आणि सांगायचं बहुतेक जण विसरतात. मोठ्या माणसाला फरक पडत नाही. सहा वर्षांच्या मुलाला पडतो! त्याने आठवडाभर गिरवलेला 'ल' पडद्यावर येतच नाही, दुसराच कोणी येतो.

दुसरं, दऱ्या आणि दर्या. कित्येक ॲपांत आणि शिक्षकांनी बनवलेल्या चित्रफितींत 'सुऱ्या'च्या जागी 'सुर्या' पाहिलाय. टंकताना तो अर्धा ऱ कसा काढायचा हे माहीत नसतं म्हणून. मुलं तेच शिकतात.

टॅब घेतलात तर ॲपचं नाव नंतर बघा, आधी त्यात 'लाल शाल' टंकून बघा.

---

बाराभानगडी

लिपीवेडा यांच्या लग्नाची पत्रिका छापखान्यातून किती वेळा परत गेली असेल?

---

लिपीवेडा

चार वेळा. शेवटी हाताने लिहिली.

---

उत्तरध्रुव

स्वीडनमधून लिहितोय, मुलगा इथल्याच शाळेत दुसरीत आहे. इथे उलटा प्रवास चाललाय हे तुमच्याकडच्या पेपरांतही आलं असेल. बालवाडीत डिजिटल साधनं सक्तीची होती, ती सक्ती काढायचं सरकारने ठरवलं. २०२३ मध्ये शाळांना पुस्तकं घ्यायला ६८ कोटी ५० लाख क्रोनर मंजूर झाले. कारण म्हणून चौथीच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीकडे बोट दाखवतात. २०१६ ला ५५५ गुण होते, २०२१ ला ५४४. युरोपच्या सरासरीच्या वरच आहेत, तरी इकडे आभाळ कोसळल्यासारखी चर्चा.

पण ही बातमी व्हॉट्सॲपवर "स्वीडनने टॅब फेकून दिले" अशी फिरते, ती खोटी. माझ्या मुलाच्या वर्गात टॅब आहेत. इथल्या बऱ्याच शाळांत एक पद्धत आहे, आर्ने त्रागेतोन या नॉर्वेजियन शिक्षणतज्ज्ञाच्या कामातून आलेली. सहा-सात वर्षांची मुलं जोडीने कळफलकावर बसून स्वतःची गोष्ट लिहितात, आणि लिहीत लिहीत वाचायला शिकतात. हस्ताक्षराचा मोठा भाग नंतर. बोटांना पेन्सिल पेलत नाही म्हणून डोक्यातली गोष्ट अडू नये, एवढाच विचार. ते मराठीत कसं जमेल मला सांगता येत नाही. आमच्याकडे एका कळीत अक्षर येतं, तुमच्याकडे 'स्त्री' काढायला बऱ्याच दाबाव्या लागतात.

---

मेळघाटकर

@उत्तरध्रुव, जमतं. थोडं वाकडं करून.

मी धारणी तालुक्यात सहा वर्षं होतो. मुलं कोरकू बोलणारी. पहिलीच्या पुस्तकातला शब्द वाचला तरी अर्थ लागत नाही, मग वाचून करायचं काय? महिनाभर 'कमळ, मगर, बदक' झालं. पोरं तोंड हलवायची, डोळे खिडकीत.

एकदा सहज फोनवर एका मुलीचं बोलणं रेकॉर्ड केलं. तिने मोहाची फुलं वेचायला गेल्याचं सांगितलं, अर्धं कोरकूत, अर्धं मराठीत. मी रात्री ते देवनागरीत टंकलं. चारच वाक्यं. तालुक्याला गेलो तेव्हा मोठ्या अक्षरात छापून आणलं. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात कागद दिला. ती वाचत होती की आठवत होती? पहिल्या दिवशी आठवतच होती, तुमच्या कवितेवाल्या मुलासारखी. पण मग मी कात्रीने वाक्यं कापली, नंतर शब्द कापले, आणि तिला परत जुळवायला लावलं. तिथे पाठांतर चालत नाही. आठव्या-नवव्या दिवशी ती दुसऱ्या मुलाच्या कागदातला 'झाड' ओळखून ओरडली.

वर्षाअखेर अशा साठेक कागदांची फाईल झाली, तीच आमची वाचनमाला. यंत्रं तीन, फोन, छपाई आणि कात्री. मुलाच्या हातात तिन्हींपैकी फक्त कात्री.

---

मुळामुठा

वा! कात्रीला पूर्ण गुण.

---

बारामतीचा_पालक

सगळे फार ज्ञान पाजळताय, पण गावात काय चालतं ते बघा. आमच्या वस्तीवरच्या शाळेचा पट १४ वर आला होता. सकाळी पिवळी बस यायची आणि पोरं उचलून इंग्रजी शाळेत न्यायची. आम्ही मोठं पॅनेल बसवलं, भिंती रंगवल्या, टॅब आणले, फोटो टाकले. दोन वर्षांत पट ३१ झाला, बसमधली नऊ पोरं परत आली. पॅनेलने वाचायला शिकवलं का, मला माहीत नाही. पॅनेलने शाळा वाचवली. शाळाच बंद पडली तर तुमची कात्री कुठे चालवणार?

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

@बारामतीचा_पालक, हे लिहायला हिंमत लागते आणि ते खरं आहे. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा डिजिटल शाळा म्हणून गाजली तेव्हा आसपासच्या किती गावांनी आपल्या शाळेकडे पुन्हा वळून पाहिलं ते मी जवळून पाहिलंय. फक्त परत आलेल्या त्या नऊ मुलांचं पुढे काय, हा प्रश्न उरतोच.

---

बारामतीचा_पालक

पुढचं काम गुरुजींचं. आम्ही पोरं आणून दिली.

---

अर्धविराम

क्यूआर कोडचं कोणी बोललंच नाही? परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलर. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. बातम्यांत सगळा भर 'पुस्तकात क्यूआर कोड' यावर. पण मूळ अडचण काय होती? सोलापूर जिल्ह्यातल्या त्या गावात मुलींची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्या भाषेत. त्यांनी मजकूर मुलांच्या भाषेत आणला, कोड हे पोचवायचं साधन. मेळघाटकर म्हणतात तेच. आपण मात्र कोड उचलला आणि भाषा तिथेच ठेवली.

---

सायलीची_आई

इतका वेळ वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझी मुलगी चौथीत आहे, तिला डिस्लेक्सिया आहे. दुसरीपर्यंत "लक्ष देत नाही", "घरी घेत नाही का?" हेच ऐकलं. 'ब' आणि 'व', 'घ' आणि 'ध' तिच्यासाठी आजही जागा बदलतात. तिला परिसर अभ्यासाचा धडा फोन वाचून दाखवतो, ती ऐकते, आणि वर्गात सगळ्यात आधी हात वर करते. वाचन वेगळं चालूच आहे, रोज वीस मिनिटं, वाळूत बोटाने अक्षरं काढून. पण वाचन येईपर्यंत बाकीचं शिकणं थांबवायचं का?

'वाचून दाखवणारं यंत्र वाचन मारतं' असा सूर वर दोन-तीन ठिकाणी आलाय. असेल. माझ्या मुलीला त्याच यंत्राने शाळेत टिकवून ठेवलंय. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, सवलती मागणं तिचा हक्क आहे. पाटीपेन्सिल ताई, तुमच्या २३ मध्येही अशी एखादी असू शकते. निदान एक टॅब तिच्यासाठी ठेवा.

---

पाटीपेन्सिल

@सायलीची_आई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पहिलीत एक आहे, जिला मी 'धांदरट' म्हणत आले. उद्या तिच्याजवळ बसते.

---

आकडेमोड

मधूनच एक शंका. आता बोललं की फोन टंकतो. दहा वर्षांनी लिहायचं-वाचायचं कोणाला पडलंय?

---

लिपीवेडा

कालच आमच्या हिने बोलून निरोप टंकवला, "येताना दूध आण". फोनने "येताना धूर आण" लिहिलं. ते वाचता आलं म्हणून दूध मिळालं.

---

बाराभानगडी

आणि धूर घरी गेल्यावर निघाला असता.

पाटीवरची पेन्सिल खाल्लेले इथे किती आहेत? हात वर करा. टॅबची एवढी एकच उणीव, खाता येत नाही.

---

शिरसोलीची_सून

मी! मातीच्या वासाची. आई म्हणायची पोटात कारखाना निघेल.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

मीही. तीही शेजाऱ्याची.

---

अर्धविराम

खाण्यावरून आठवलं. टॅब दिला की चार्जिंग आलं, चार्जिंगला वीज आली. आमच्या तालुक्यात बिल थकून मीटर काढून नेलेल्या शाळा आहेत. देणाऱ्या मुलांना आधी विचारा, वीजबिल कोण भरणार? फुटलेली काच कोण बदलणार? वर्गणी वस्तूसाठी निघते, बिलासाठी निघत नाही.

---

उत्तरध्रुव

पुस्तकं कुठून आणणार हाही प्रश्न असेल तर स्टोरीवीव्हर बघा. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलंय, खुल्या परवान्याची चित्रपुस्तकं, मराठीतही भरपूर आणि वाचनपातळी दिलेली. उतरवून छापता येतात. मुलाची मराठी इथे त्यावरच चालू आहे.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे इथे फिरकले नाही, कारण कामाला लागले होते. आता सांगते.

पुण्याच्या मुलांना फोन केला. म्हटलं, दहा टॅब नको, तीन द्या. दोन ऐकणारे, म्हणजे मुलांनी वाचायचं आणि त्याने ऐकायचं, पाळीपाळीने, कोपऱ्यात, लाल-हिरव्याचा आवाज बंद करून. 'ळ' चे शब्द मी स्वतः ऐकेन. तिसरा पहिलीतल्या त्या मुलीसारख्यांसाठी. उरलेल्या पैशात एक छपाईयंत्र आणि गोष्टींची पुस्तकं. पलीकडे शांतता. मग एक जण म्हणाला, "बाई, प्रिंटरसोबत फोटो कसा काढायचा?"

शेवटी ठरलं. टॅब पाच, छपाईयंत्र एक. टीव्ही आहे तिथेच राहील, बारामतीच्या दादांचं म्हणणं सरांना फारच पटलंय.

छपाईयंत्र आलं तशी मेळघाटकर सरांची रीत सुरू केली. पहिला नंबर अर्थातच कवितेवाल्याचा. त्याने सांगितलं, "आमच्या शेयीले दोन पिल्लं झाले. एक कायं हाये." आता अडचण बघा. मी टंकू काय? शेयी की शेळी? कायं की काळं?

---

लिपीवेडा

प्रमाण रूप टंका. छापलेलं तो डोळ्यांनी शिकणार आहे. उद्या पुस्तकात 'शेळी' दिसली तर पुन्हा परका.

---

मेळघाटकर

अजिबात नाही. तो बोलला तेच टंका. नाहीतर कागद परत तुमचा झाला, त्याचा राहिला नाही. मी कोरकू शब्द जसेच्या तसे ठेवायचो.

---

शिरसोलीची_सून

शेयीच लिहा ताई!! कुठे तरी छापून येऊ दे की.

---

आकडेमोड

कोरकू वेगळी भाषा आहे आणि ही मराठीचीच बोली, दोन्हींना एक नियम कसा लावणार? लिपीवेडांच्या बाजूने मत.

---

पाटीपेन्सिल

तुमचं ठरेना म्हणून मी दोन्ही छापले. एकावर 'शेयी', एकावर 'शेळी', आणि दोन्ही त्याच्यासमोर ठेवले. तो बराच वेळ बघत बसला. मग दोन्ही कागदांत फक्त त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, इथं येगयं हाये." बाकीच्या ओळी नीट वाचल्या. पहिल्यापासून नाही, मी बोट ठेवेन तिथून.

कोणता कागद घरी नेतोस विचारलं तर दोन्ही घेऊन पळाला.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

शाबास. आता एक व्यवहाराचं. छपाईयंत्र शाईच्या टाकीवालं आहे ना? डबीवालं असेल तर तीन महिन्यांत कपाटात जाईल.

---

पाटीपेन्सिल

टाकीवालं आहे सर. किल्ली माझ्याकडे.